ख्रिस्ती माणसाला रोजच्या धावपळीत देव कसा जाणवतो?

तुमचा प्रश्न असा आहे: दर रविवारी उपासनेला जाता, घरी प्रार्थनाही होते, पण सोमवार उजाडला की लोकल, ऑफिस, मुलांचा अभ्यास या रगाड्यात देव कुठे जाणवतच नाही. मंडळीतले इतर लोक साक्ष देताना ‘प्रभू माझ्याशी बोलला’ म्हणतात, तेव्हा आपल्याच विश्वासात काही खोट आहे की काय, असं वाटतं. मग देव आपल्यासोबत आहे हे ओळखायचं कसं?

मी मिरजेकडची, प्रोटेस्टंट घरातली, पेशाने नर्स. डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि पुढे आमच्या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती मुली या पेशात आल्या. माझी आत्या नर्स होती, तिचं बघून मी झाले. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. जे सांगते आहे ते वॉर्डात आणि घरच्या प्रार्थनेत हळूहळू समजत गेलेलं आहे.

देव जवळ असणं वेगळं आणि तो जवळ आहे असं वाटणं वेगळं. माझ्या मते तुमची सगळी घालमेल या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे आहे. पवित्र शास्त्रात ज्यांना देव भेटला त्यांतल्या बऱ्याच जणांना तो भेटत असताना कळलेलंच नाही. जुन्या करारातला याकोब बघा. भावाच्या भीतीने घर सोडून पळालेला, वाटेत सूर्य मावळला म्हणून धोंडा उशाला घेऊन उघड्यावर झोपलेला. रात्री त्याला स्वर्गापर्यंत पोचलेल्या शिडीचं स्वप्न पडतं आणि जाग आल्यावर तो म्हणतो, इथे परमेश्वर होता आणि मला ठाऊकच नव्हतं. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य तर पुनरुत्थित येशूबरोबर बोलत बोलत गावापर्यंत चालले. रस्ताभर तो त्यांना शास्त्र उलगडून सांगत होता, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने भाकर घेतली, आशीर्वाद मागितला, मोडून त्यांना दिली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. मग ते एकमेकांना म्हणतात, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतून पेटल्यासारखं होत नव्हतं का? म्हणजे जाणवत होतं, पण आपल्याला काय जाणवतंय हे त्यांना नंतर उमगलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा प्रसंगही असाच आहे. भुकेल्याला खायला दिलं, आजाऱ्याची विचारपूस केली ती मलाच, असं न्यायाला बसलेला राजा, म्हणजे ख्रिस्त, म्हणतो. आमच्या नर्सिंगच्या कार्यक्रमांत हा उतारा हमखास वाचला जातो आणि सेवा करा, एवढाच बोध काढून सोडून दिला जातो. मला मात्र त्यातल्या नीतिमान लोकांचा प्रश्न फार मोलाचा वाटतो. ते विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांनाही पत्ता नव्हता! ज्यांना तो ‘माझ्या पित्याचे आशीर्वादित’ म्हणतो, त्यांनी त्याला एकदाही ओळखलेलं नव्हतं. जाणवलं नाही म्हणून त्यांची सेवा फुकट गेली नाही आणि ते त्याच्यापासून दूरही नव्हते.

पुरुषांच्या मेडिकल वॉर्डातली एक नाइट ड्यूटी सांगते. बीडकडून ऊसतोडीला आलेले एक आजोबा पक्षाघाताने पडून होते. डावी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं गेलेलं. अशा पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर कंबरेखालच्या हाडावर कातडी लाल होते, मग काळपट पडते आणि बघता बघता तिथे जखम होते. पहाटेच्या सुमारास मी त्यांना कुशीवर घेतलं तर चादर ओली होती. मावशी दुसरीकडे अडकलेली. त्यांची म्हातारी कॉटखाली चटईवर झोपलेली होती ती आवाजाने उठली आणि काही न विचारता पलीकडून त्यांचा खांदा धरून उभी राहिली. मी पाठ पुसली, कोरडी केली, चादर बदलली, त्यांच्या गुडघ्यांमध्ये उशी दिली. ती सगळा वेळ पुटपुटत होती, विठ्ठल विठ्ठल. आम्ही दोघींनी मिळून त्यांना नीट निजवलं, तशी तिने गाठोडं सोडलं, बाजरीची भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, ‘खा बाई, तू बी रातभर उभीच हायस.’ हात धुऊन मी ती नर्सिंग स्टेशनमध्ये उभ्या उभ्याच खाल्ली, कारण साडेपाचला टेंपरेचर-बीपीचा राउंड सुरू करायचा होता.

तेव्हा मला काही वेगळं जाणवलं असं मी म्हणणार नाही. भूक लागली होती, पाय दुखत होते, भाकरी बरी वाटली. सकाळी हँडओव्हर देऊन एसटीत बसले, खिडकीला डोकं टेकवलं आणि रात्र आठवत गेले, तेव्हा मोडलेली भाकरी आठवली आणि अम्माऊस आठवला. त्या रात्री सेवा मी करत होते असा माझा समज. प्रभूने मात्र त्या बाईच्या हातून मलाच जेवू घातलं होतं. ती विठोबाचं नाव घेत होती याने मला अडचण होत नाही. माझा प्रभू कुणाच्या हातून भाकरी पाठवेल हे मी ठरवणारी कोण?

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच, की दिवस चालू असताना देव दिसावा म्हणून झटण्यापेक्षा संध्याकाळी मागे वळून बघायची सवय लावा. ही माझी शोधलेली युक्ती नाही. येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे, संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी ही पद्धत घालून दिली आणि आजही येशूसंघी फादर दुपारी आणि रात्री थांबून आपल्या दिवसाची अशी उजळणी करतात. इग्नाती हे मूळचे सैनिक. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते कित्येक महिने घरी बिछान्यावर पडून राहिले. त्या काळात मनात दोन तऱ्हेचे विचार यायचे. शौर्य गाजवावं, एका उच्चकुलीन स्त्रीची मर्जी मिळवावी, हे एक. आणि संतांसारखं देवासाठी जगावं, हे दुसरं. दोन्ही विचार येताना गोडच वाटत. पण पहिला ओसरला की मन कोरडं पडे, दुसरा ओसरल्यावरही समाधान टिकून राही. तो फरक ओळखला आणि त्यातून त्यांची पुढची सगळी शिकवण उभी राहिली. एका पेशंटने बिछान्यात पडल्या पडल्या केलेलं हे निरीक्षण आहे, आणि तेही नंतर काय उरलं याचं.

मी कशी करते ते सांगते, तुम्हाला जमेल तसं बदला. आधी पवित्र आत्म्याला म्हणायचं, मला आजचा दिवस तुझ्या नजरेने दाखव. हे सोडू नका, नाहीतर नुसता हिशेब होतो. मग सकाळपासून एकेक प्रसंग डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा. कुणाचं बोलणं मनात राहिलं? कुठे जीव हलका झाला, कुठे आतून मिटल्यासारखं झालं? आभार मानायचे ते नेमक्या गोष्टीचे मानायचे. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हणून मी पुष्कळ प्रार्थना संपवलेल्या ऐकल्या आहेत, पण ‘त्या शिपायाने माझी फाईल शोधून दिली त्याबद्दल धन्यवाद’ म्हटलं की तो शिपाई उद्या वेगळा दिसतो. जिथे आपण कुणाला दुखावलं तिथे क्षमा मागायची, उद्या ज्याची भीती वाटते ते प्रभूच्या हाती द्यायचं आणि झोपायचं. दहा मिनिटं पुरतात. आमच्याकडे रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत नारायण वामन टिळकांचं एखादं भजन होतं आणि नंतर प्रत्येकजण दिवसातली एक गोष्ट सांगतो. मुलांना याची गोडी लवकर लागते. मोठ्यांना वेळ लागतो.

दुसरं नाव तुम्हाला आवडेल, कारण तुम्ही कामाच्या रगाड्याबद्दल विचारलंत. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक धर्मसंघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. हेसुद्धा पूर्वी सैनिक आणि पाय जायबंदी! (नर्सच्या लक्षात असल्याच गोष्टी राहतात.) त्यांना मठाच्या मुदपाकखान्यात नेमलं. ते काम त्यांना मुळीच आवडत नव्हतं, तरी वर्षानुवर्षं केलं, आणि भांड्यांच्या खडखडाटात चारीकडून हाका येत असतानाही मी प्रार्थनेला गुडघे टेकल्याइतकाच देवापाशी असतो, अशी त्यांची साक्ष आहे. पण हे त्यांना एका रात्रीत साधलं नव्हतं. सुरुवातीची अनेक वर्षं मनाने फार सोसलं, मन भरकटायचं, ते परत आणायचं, असं ते स्वतः सांगतात. मन भरकटलं म्हणून स्वतःला बोल लावत बसू नये, शांतपणे पुन्हा देवाकडे वळावं, हा त्यांचा सल्ला मला ड्यूटीवर सगळ्यात उपयोगी पडला. इंजेक्शन भरताना, हात धुताना एवढंच म्हणायचं: प्रभू, तू आहेस.

आता एक सावधगिरी. जाणवण्याच्या हव्यासाने खुणा शोधत सुटू नका. नवीन विद्यार्थिनींना नाडी बघायला शिकवताना आम्ही आधी सांगतो की अंगठा लावायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. जोरात दाबलंत तर पेशंटची म्हणून स्वतःचीच नाडी मोजाल. खुणा शोधण्याचं तसंच होतं. लोकलमध्ये खिडकी मिळाली, प्रभूने दिली. साहेबांनी रजा मंजूर केली, प्रभूची इच्छा. मग ज्याला रजा मिळाली नाही त्याला प्रभूने नाकारलं का? आपल्याच इच्छेला देवाचा आवाज समजून माणसं लग्नं ठरवतात, औषधं बंद करतात, हे मी पाहिलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. खरी जाणीव मला तरी बहुतेक वेळा माझ्या सोयीची नसते. ती मला कुणाकडे तरी उठून जायला लावते.

आणि जेव्हा काहीच जाणवत नाही तेव्हा? पोटचं मूल गेलेल्या आईजवळ मी उभी राहिले आहे. ‘देवाची इच्छा’ हे शब्द मी तिथे कधी उच्चारत नाही. 88 वं स्तोत्र वाचा. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात ठेवलंय. त्याची सुरुवात मात्र ‘हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा’ अशी आहे आणि रात्रंदिवस हाक मारणं थांबलेलं नाही. मदर तेरेसा यांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की कितीतरी दशकं त्यांना आतून देव जाणवत नव्हता. कोलकात्याच्या रस्त्यांवरून मरणासन्न माणसं उचलून आणणारी ती बाई रोज प्रार्थना करत होती आणि तिला उत्तर ऐकू येत नव्हतं. काही लोकांनी त्यावरून त्यांच्या विश्वासावरच शंका घेतली. मला तर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला तो प्रश्नच दिसला: आम्ही तुला कधी पाहिलं?

नर्स म्हणून मात्र एक गोष्ट वेगळी विचारते, रागावू नका. फक्त देवच जाणवत नाही, की जेवणाची चव, मुलांचं हसणं, आवडतं गाणं, काहीच आत पोचत नाही? झोप उडाली आहे, सकाळी उठवत नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल आणि दोन-तीन आठवडे तसंच चाललं असेल, तर ते आध्यात्मिक कोरडेपण समजून अंगावर काढू नका. डिप्रेशन हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि पाळकांनाही सांगा. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. जुन्या करारातला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत झोपला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, आधी दोनदा खायला-प्यायला दिलं आणि झोपू दिलं. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर.

तसं काही नसेल तर उद्यापासून लोकलचाच वेळ वापरा. जाताना स्तोत्रांतली एकच ओळ घ्या, 23 व्या किंवा 139 व्या स्तोत्रातली, आणि ती दिवसभर सोबत ठेवा. परतीच्या गाडीत मोबाइल खिशात ठेवून वर सांगितलेली उजळणी करा. गर्दीत डोळे मिटायची गरज नाही, समोरच्या माणसांकडे बघत बघतही होते. जे आठवेल ते घरी एका वहीत दोन ओळींत लिहा आणि महिनाभर मागची पानं उघडू नका. नंतर सगळी एकदम वाचा आणि काय दिसलं ते इथे जरूर कळवा.