4 टीबीच्या तीन डिस्क आणि रेड 5: जागा पुरेल, तरी घेऊ नका

भोसरीत 25 जणांची कंपनी, जुन्या सर्व्हरवर 1.4 टीबी डेटा, वेंडर 4 टीबीच्या तीन डिस्क रेड 5 मध्ये (एका डिस्कइतकी जागा राखीव, म्हणून एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो) देतोय, पाच वर्षं पुरतील का, असा तुमचा प्रश्न आहे. पुरतील. वर्षभरातल्या फुल बॅकअपचे आकार काढा, महिन्याची वाढ कळेल. ती 35 जीबी धरली तर पाच वर्षांत 2.1 टीबी, म्हणजे एकूण 3.5. स्नॅपशॉटसाठी, म्हणजे फाइलींच्या ठरावीक वेळच्या जुन्या प्रतींसाठी, 20 टक्के धरून 4.2. व्हॉल्यूम (सर्व्हरवर दिसणारी एकत्रित जागा) पाऊण भागापेक्षा जास्त भरू द्यायचा नाही, म्हणून हवेत 5.6. खोक्यावरचे 4 टीबी विंडोजमध्ये 3.63 दिसतात, तेव्हा दोन डिस्कइतकी जागा म्हणजे सव्वासात. फक्त सीसीटीव्हीचं फुटेज या सर्व्हरवर येऊ देऊ नका. 4 एमबीपीएसचे आठ कॅमेरे दिवसाला सुमारे 345 जीबी खातात, दहा दिवसांत सगळं गणित कोलमडतं.

खरा घोळ रेड 5 चा आहे. माझा एका सप्लायरशी यावरून कडाक्याचा वाद झाला होता. "एक डिस्क गेली तरी चालतं की," एवढंच त्याचं पालुपद. चालतं, पण नवी डिस्क घातल्यावर तिच्यावर डेटा पुन्हा उभा करायला, म्हणजे रिबिल्डला, उरलेल्या दोन्ही डिस्क, म्हणजे 8 टीबी, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. 150 एमबी प्रतिसेकंद वेगाने किमान साडेसात तास, आणि लोक काम करत असतील तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. तिन्ही डिस्क एकाच बॅचच्या, सारख्याच झिजलेल्या. त्यात त्याने स्वस्तातल्या डेस्कटॉप डिस्क लावलेल्या. खराब सेक्टर आला की अशी डिस्क तो वाचायला बराच वेळ धडपडत बसते, तेवढ्यात कंट्रोलर (डिस्कचा गट सांभाळणारं कार्ड) तिला मेलेली समजून बाहेर काढतो, आणि रिबिल्डच्या मध्यात दुसरी डिस्क गेली की अ‍ॅरे, म्हणजे डिस्कचा अख्खा गट, संपला. रेडसाठीच्या डिस्क साधारण सात सेकंदांत प्रयत्न सोडून कंट्रोलरला चूक कळवतात, पैसे त्याचेच असतात. त्या सप्लायरला हे आजही पटलेलं नाही.

चौथी डिस्क घ्या आणि रेड 10 करा, म्हणजे डिस्कच्या जोड्या, प्रत्येक जोडीत दोन्हीवर तोच डेटा. जागा तेवढीच, रिबिल्डला एकच जोडीदार डिस्क वाचावी लागते. लहान-लहान रायटला (डेटा लिहायला) रेड 5 मध्ये चार डिस्क ऑपरेशन लागतात, इथे दोन, त्यामुळे ईआरपीचा (हिशेब-स्टॉकच्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेसही हलका चालतो. पाचवी डिस्क कपाटात स्पेअर ठेवा. कोटेशनवर पूर्ण मॉडेल नंबर मागा आणि डिस्क सीएमआर (डेटाच्या पट्ट्या वेगवेगळ्या ठेवणारी) आहे याची खात्री करा. पट्ट्या एकमेकींवर चढवणारी एसएमआर डिस्क रिबिल्डला रडवते. 2 टीबीच्या वरचा व्हॉल्यूम जीपीटीच (डिस्कचे भाग पाडण्याची नवी पद्धत) हवा, जुना एमबीआर नको.

आणि "रेड आहे, मग बॅकअप कशाला" हे ऐकून घेऊ नका. चुकून डिलीट झालेली फाइल किंवा रॅन्समवेअर रेडच्या सगळ्या डिस्कवर इमानदारीत उतरतं. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर इलेक्ट्रॉनिक हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं 2022 पासून बंधनकारक आहे, आणि वह्या आठ वर्षं जपायच्या असतात. म्हणजे बॅकअपची जागा वेगळी मोजा, निदान मुख्य डेटाच्या दुप्पट. प्रोप्रायटरशिपला हा कंपनी कायद्याचा नियम नाही, पण डिस्क तिथेही मरते.

डेटा हलवण्याचं काम गुरुवारच्या सुट्टीत काढणार असाल तर आधी महावितरणचा शटडाउनचा मेसेज बघा. यूपीएस अर्ध्या तासाचा आणि कॉपी दहा तासांची, असा प्रकार नको. शनिवारी रात्री सुरू करा. आणि हो, हे सगळं फिरत्या डिस्कचं गणित. सगळ्या एसएसडी घेणार असाल तर रिबिल्डची भीती बरीच कमी होते, तिथे रोज किती टीबी लिहिलं जातं त्यावरून मॉडेल निवडा.