वाचकांचे प्रश्न : कायदा आणि व्यवस्थापन, दोन्ही पदव्या एकत्र

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचा हळद दळण्याचा आणि पाकिटे भरण्याचा लहान कारखाना आहे व पुढे तो मलाच पाहायचा आहे. एलएलबी आणि एमबीए या दोन्ही पदव्या एकदम घ्याव्यात असे मनात आहे. 2022 पासून तशी परवानगी आहे असे ऐकले आणि एका प्रवेश सल्लागाराने तर ‘सकाळी कायदा, संध्याकाळी एमबीए’ असे वेळापत्रकच आखून दिले. हे जमेल का? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : वेळापत्रकात जमेल, नियमात जमणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2022 मध्ये दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्याची मुभा दिली, हे खरे आहे. परंतु कायद्याच्या शिक्षणावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचेही नियंत्रण असते आणि कौन्सिलच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांतील सहाव्या नियमानुसार कायद्याच्या पदवीला नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला त्याच काळात दुसऱ्या नियमित पदवी अथवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव नोंदवता येत नाही. यातून सूट आहे ती एकाच संस्थेच्या, दोन पदव्या जोडलेल्या एकात्मिक अभ्यासक्रमाला, भाषा वा संगणकाच्या अल्पमुदतीच्या प्रमाणपत्राला आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून चालणाऱ्या अभ्यासक्रमाला. म्हणजे एलएलबी नियमित आणि एमबीए दूरशिक्षणाने, एवढीच वाट मोकळी आहे. उलट करून चालत नाही, कारण दूरशिक्षणाने घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. आणि महत्त्वाची माहिती चुकीची देऊन सनद मिळवली असे पुढे उघड झाले, तर अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 26 खाली वकिलांच्या यादीतून नाव काढले जाऊ शकते. तेव्हा सल्लागार फोन उचलेलच, असे नाही.

मात्र तुमच्या पत्रात याहून मोठा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. कारखाना तुम्ही स्वतः चालवणार असाल, तर सनद घेऊन करणार काय? बार कौन्सिलच्या व्यावसायिक आचार नियमांप्रमाणे वकिलाला स्वतः व्यापारधंदा करता येत नाही. निष्क्रिय भागीदार राहता येते, कंपनीचा संचालक होता येते, पण व्यवस्थापकीय संचालक होता येत नाही. वडिलोपार्जित धंद्याचा तर नियमांत वेगळा उल्लेख आहे : वारशाने आलेला धंदा वकिलाला सुरू ठेवता येतो, त्यात हिस्साही ठेवता येतो, पण व्यवस्थापनात स्वतः भाग घेता येत नाही. तुम्हाला नेमका तोच भाग घ्यायचा आहे. म्हणून सकाळी गिरणीत आणि दुपारी न्यायालयात, असे जे चित्र घरोघरी रंगवले जाते, ते कागदावर उभे राहत नाही. पगारी नोकरीचेही तेच आहे. कंपनीच्या विधी विभागात पूर्णवेळ रुजू झालेल्या वकिलाला सनद स्थगित करून घ्यावी लागते. माझी स्वतःची सनद नोकरीच्या सहा वर्षांत अशीच स्थगित होती आणि ती पुन्हा सुरू करताना माझे सहाध्यायी सहा वर्षांनी पुढे गेलेले होते.

याचा अर्थ कायदा शिकू नये असा नाही. ज्ञानाला सनद लागत नाही, आणि तुमच्या धंद्यात ते कुठे उपयोगी पडेल याचे एक उदाहरण देतो. समजा, एका मोठ्या मसाला कंपनीने वर्षभराच्या पुरवठ्याचा करार पाठवला. त्यात पैसे देण्याची मुदत 90 दिवस आहे आणि वाद झाल्यास लवाद चेन्नईत बसेल असे लिहिले आहे. महिन्याला 4 लाखांचा माल जाणार असेल, तर व्यवस्थापन शिकलेला माणूस लगेच मांडेल की, 12 लाख रुपये कायम बाहेर अडकतील आणि बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, 11 टक्के व्याज धरले तर वर्षाला 1 लाख 32 हजार रुपये त्यातच जातील. मार्केट यार्डातली हळद मात्र उधारीवर 90 दिवस मिळत नाही. हाच कागद कायदा शिकलेल्याने वाचला, तर त्याला सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 चे कलम 15 आठवेल. कारखान्याची सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर करारात काहीही लिहिले तरी मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यापुढच्या दिरंगाईवर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने, द्यावे लागते. कलम 18 खाली थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या, पुरवठादाराच्या भागातील सुलभीकरण परिषदेकडे जाता येत असल्यामुळे चेन्नईच्या कलमाचीही धास्ती उरत नाही. तुम्ही हळद दळून विकता म्हणून हे संरक्षण आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ते मिळत नाही.

आता कलम 16 चा आधार घेऊन नोटीस पाठवली, की व्याज मिळेल आणि गिऱ्हाईक जाईल. तिथे नोटीस न पाठवता कराराच्या बोलणीतच 45 दिवसांचा आकडा शांतपणे पुढे ठेवणारा माणूस हवा. तुमच्या कारखान्याला दोन्ही विषयांची गरज आहे ती एवढ्यासाठी.

म्हणून माझा सल्ला असा की, सीईटी देऊन तीन वर्षांची एलएलबी नियमित करावी आणि त्याच काळात मोकळ्या वेळेत कारखान्याचा जमाखर्च, वसुली आणि बँकेचे व्यवहार हाती घ्यावेत. एमबीएची घाई करू नये. दूरशिक्षणाच्या एमबीएला नोकरीच्या बाजारात फारसे वजन नाही, पण तुम्हाला नोकरी करायचीच नाही. दोन-तीन वर्षे धंदा पाहिल्यानंतर आपल्याला काय येत नाही हे कळेल, आणि तेव्हा ते शिकणे अधिक लाभाचे ठरेल.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. बीबीए एलएलबी केले की व्यवस्थापन आणि कायदा दोन्ही होतात, मग एमबीए करावे लागत नाही, असे नातेवाईक म्हणतात. तीन वर्षांनी नको वाटले तर बीबीए घेऊन बाहेर पडता येईल का? – एक पालक, नाशिक

उत्तर : नातेवाइकांचे अर्धे बरोबर आहे. पाच वर्षांच्या या एकात्मिक अभ्यासक्रमात व्यवस्थापन शिकवतात, पण ते पदवीच्या पातळीचे असते. त्याला एमबीएची जागा घेता येत नाही आणि एमबीएला उपयोगी पडणारा नोकरीचा अनुभवही त्यात मिळत नाही. मात्र तीन वर्षे बी.कॉम. व पुढे तीन वर्षे एलएलबी अशा सहा वर्षांऐवजी पाच वर्षांत काम होते, हा लाभ खरा आहे. महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांसाठी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची राज्य सीईटी, बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट आणि सिम्बायोसिससाठी स्लॅट, अशा परीक्षा वेगवेगळ्या द्याव्या लागतात. व्यवस्थापन संस्थाही आता यात उतरल्या आहेत. आयआयएम रोहतकचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम हे त्याचे उदाहरण.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. बार कौन्सिलच्या तेराव्या नियमाने एकात्मिक पदवीचे तुकडे करून मधेच एक पदवी देण्यास मनाई केलेली आहे. एखाद्या माहितीपत्रकात तसे आश्वासन दिसले, तर ते विद्यापीठाच्या लेखी नियमांत दाखवा, असे महाविद्यालयाला सांगावे. मुलीचा कायद्याकडे कल आहे की नाही हे आज सांगता येत नसेल, तर बी.कॉम. करू द्यावे. एक वर्ष जास्त जाईल, पण पाच वर्षे अडकून पडणार नाही.

प्रश्न : पुण्यात अभियांत्रिकी शिकून मी चार वर्षे शिकागोत नोकरी करत आहे. इथली जेडी-एमबीए ही कायदा आणि व्यवस्थापनाची जोडपदवी घ्यावी असे वाटते. वडील म्हणतात, एवढे कर्ज काढण्यापेक्षा पुण्याला येऊन एलएलबी कर. – एक वाचक, शिकागो

उत्तर : अमेरिकेत कायदा हा पदवीनंतरचा अभ्यास आहे. जेडीला तीन वर्षे आणि एमबीएला दोन वर्षे लागतात, आणि जोडअभ्यासक्रमात एका बाजूचे काही श्रेयांक (क्रेडिट) दुसऱ्या बाजूला धरले जात असल्यामुळे पाचऐवजी चार किंवा तीन वर्षांत दोन्ही पदव्या मिळतात. हार्वर्डचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे, तर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात आणि तुमच्याच भागातल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तो तीन वर्षांत संपतो. बचत शुल्काची होते, त्याहून जास्त बुडणाऱ्या पगाराची होते. परंतु तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात उन्हाळ्याच्या सुट्ट्या कमी हाती लागतात, आणि तिथल्या नोकऱ्या बहुधा या सुट्ट्यांतल्या कामावरूनच ठरत असल्यामुळे वकिली संस्थेत जायचे की सल्लागार कंपनीत, हे तुम्हाला फार लवकर ठरवावे लागेल.

वडिलांशी बोलताना पदव्यांची तुलना करू नका, कुठे राहायचे आहे ते आधी ठरवा. जेडीच्या बळावर इलिनॉय किंवा न्यूयॉर्कची बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा, देता येते. भारतात परतून वकिली करायची झाली, तर ती पदवी बार कौन्सिलने मान्य केलेली असावी लागते, परदेशी पदवीधरांसाठीची पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि त्यानंतर पुण्याच्या न्यायालयात तुम्ही नवशिके वकीलच असता, डॉलरमधले कर्ज रुपयांत फेडणारे. पाच-सात वर्षांत परतण्याचा विचार पक्का असेल, तर वडिलांचे ऐकावे. तिथेच राहायचे असेल, तर अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही विभागांकडून किती श्रेयांक सामाईक धरले जातात आणि एका बाजूचा प्रवेश नाकारला गेला तर दुसऱ्या बाजूचा टिकतो का, हे लेखी विचारून घ्यावे.