विश्रांतीच्या दिवशी हात काय करत होता?

प्रश्न : माझा मुलगा 16 वर्षांचा आहे. टेक्ससमध्ये हायस्कूलच्या व्हार्सिटी, म्हणजे मुख्य, बेसबॉल संघात पिचर (चेंडू टाकणारा) आहे. मागच्या मंगळवारी सामन्यात त्याने 88 चेंडू टाकले. गुरुवारी खासगी कोचकडे त्याचा नेहमीचा तास असतो, तिथे रडार गन (वेग मोजणारं यंत्र) लावून आणखी 45 झाले. शुक्रवारी नियमाने पिचिंग करता येत नव्हतं, म्हणून शाळेच्या कोचनी त्याला सातही इनिंग, म्हणजे अख्खा सामना, कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून बसवलं. त्या रात्री तो कोपराच्या आतल्या बाजूला बर्फ लावून बसला होता, आणि मला म्हणाला, "आई, कोचना सांगू नकोस." त्याचे बाबा म्हणतात, मर्यादा दिवसाला 110 चेंडूंची आहे, सगळं नियमात आहे, तू उगाच घाबरतेस. खरंच हे सगळं नियमात आहे का? आम्ही दोघं क्रिकेट बघत वाढलो, इथलं गणित मला उमगत नाही.

उत्तर : नियमाचं नंतर सांगते, आधी दुखण्याचं. मुलाला डॉक्टरांना दाखवेपर्यंत त्याने एकही चेंडू फेकायचा नाही. पिचिंग नाही, कॅचिंग नाही, अंगणात बाबांबरोबर "जरा हात मोकळा" करणंही नाही. शक्यतो खेळाडूंची हाडं-सांधे बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा, आणि दुखतं ती जागा मुलालाच बोटाने दाखवू द्या. दंड थकला असेल तर मुलगा सगळ्या हातावरून तळवा फिरवतो. बोट जर कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यावर नेमकं टेकलं, तर तो थकवा नाही.

त्या उंचवट्यावर वाढत्या वयात ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो थर, असते. मुलग्यांमध्ये ती साधारण 15 ते 17 या वयात हाडाशी जुळून येते. तोवर ती कूर्चेची, म्हणजे तिथलं सगळ्यात कच्चं ठिकाण. जोरात टाकलेला प्रत्येक चेंडू तिथे ताण देतो. ती जुळली की तोच ताण आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतो. हा अस्थिबंध फाटला तर जी शस्त्रक्रिया करतात तिला टॉमी जॉन सर्जरी म्हणतात. डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 साली ती पहिल्यांदा केली, टॉमी जॉन याच नावाच्या व्यावसायिक पिचरवर. पण अमेरिकेतल्या 2007 ते 2011 या काळातल्या अशा शस्त्रक्रियांची नोंद तपासली, तेव्हा निम्म्याहून जास्त, सुमारे 57 टक्के रुग्ण 15 ते 19 वयाचे निघाले. तुमच्या मुलाला हे झालंय असं मी म्हणत नाही. पत्रावरून ते कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून तर डॉक्टर.

आता नियम. पूर्वी बऱ्याच राज्यांत शाळेच्या पिचरला इनिंगची मर्यादा असे. 2016 साली हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने ठरवलं की 2017 च्या हंगामापासून प्रत्येक राज्याने टाकलेल्या चेंडूंवर मर्यादा घालायची आणि त्यानुसार विश्रांती द्यायची. आकडे मात्र राज्याराज्यांवर सोडले. टेक्ससमध्ये व्हार्सिटीला एका दिवसात 110. तीसपर्यंत टाकले तर विश्रांतीची सक्ती नाही, 31 ते 45 ला एक दिवस, 46 ते 65 ला दोन, 66 ते 85 ला तीन आणि 86 पासून पुढे चार. सामने बहुधा मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणजे मंगळवारी 65 वर थांबलेला मुलगा शुक्रवारी पुन्हा माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) येऊ शकतो, 66 टाकलेला नाही. तुमच्या मुलाचे 88 झाले, चार दिवस धरले तर तो रविवारी मोकळा. तेव्हा त्याच्या बाबांचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. मंगळवार नियमात, आणि शुक्रवारी त्याने सामन्यात पिचिंग केलंच नाही.

पण मोजले जातात ते फक्त सामन्यात बॅटरला टाकलेले चेंडू. इनिंगआधीचा वॉर्म-अप त्यात नाही, बुलपेन, म्हणजे मैदानाबाजूच्या जागेतला पिचिंगचा सराव, नाही, गुरुवारचा खासगी तास नाही. फ्लोरिडातल्या हायस्कूल पिचर्सवरच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सामन्याच्या दिवशी टाकलेल्या चेंडूंपैकी सुमारे 42 टक्के चेंडू मोजणीत आलेच नव्हते. आणि कॅचरचं काय? पिचरने टाकलेले बहुतेक चेंडू तो परत फेकतो, शिवाय धावणाऱ्याला बाद करायला दुसऱ्या बेसकडे पूर्ण ताकदीने. लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये 41 चेंडू टाकलेल्या पिचरला त्या दिवशी कॅचर होता येत नाही, ते उगाच नाही. तुमच्या मुलाच्या चार दिवसांच्या विश्रांतीतले दोन दिवस असे गेले.

मेजर लीग (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी 2014 मध्ये 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक सूत्रं आणली. त्यात 15-16 वयाला दिवसाला 95 चीच मर्यादा आहे, आणि 76 पासून पुढे चार दिवस विश्रांती. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी राज्याचा 110 हा आकडा विसरून हा धरायला सांगते. एकाच सामन्यात पिचर आणि कॅचर दोन्ही होऊ नये, वर्षात निदान चार महिने पिचिंग बंद ठेवावं आणि त्यातले सलग दोन-तीन महिने खांद्यावरून काहीही फेकू नये, हेही त्यात आहे.

मी टेक्ससमध्ये 19 वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे, आणि हे मी घरीच शिकले. माझा धाकटा 14 वर्षांचा असताना मी स्टँडमध्ये वही घेऊन बसायची, प्रत्येक चेंडूची रेघ मारायची. रेघा कधी मर्यादेबाहेर गेल्या नाहीत. त्याच्या खांद्याची ग्रोथ प्लेट रुंदावल्याचं एक्स-रेमध्ये दिसलं, तेव्हा मी वही उघडली. मधल्या दिवसांच्या पानांवर काहीच नव्हतं, आणि त्याच दिवसांत तो संध्याकाळी गॅरेजसमोरच्या जाळीत चेंडू फेकत होता. त्याचा तो अख्खा हंगाम गेला. तेव्हापासून मी रोजचा हिशोब ठेवायला सांगते: सामना, बुलपेन, तास, जाळी, सगळं एकाच कॅलेंडरवर. आणि प्रत्येक दिवसापुढे मुलाने स्वतः लिहायचं, हात ताजा, थकलेला की दुखरा.

'थकलेला' हा शब्द गांभीर्याने घ्या. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने 2006 मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या पिचर मुलांची तुलना केली. हात थकलेला असताना वरचेवर पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता 36 पट होती. इतका मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडला नव्हता.

राहिला "कोचना सांगू नकोस" चा प्रश्न. सांगा, पण मुलाच्या पाठीमागे नाही. त्याला जागा जाण्याची भीती आहे, ती खरी आहे, तिला हसू नका. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की त्याला बरोबर घेऊन शाळेच्या कोचना भेटा, आणि गुरुवारच्या तासाबद्दल सांगा. बहुतेक शाळेच्या कोचना तो तास असतो हेच माहीत नसतं, आणि खासगी कोचना मंगळवारचे 88. दोघांना एकमेकांचा फोन नंबर द्या. हात बरा झाल्यावरही सामन्यानंतरच्या विश्रांतीच्या दिवसांत रडार गन नको. गन समोर असली की 16 वर्षांचं पोर हळू टाकूच शकत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यातल्या क्लब स्पर्धेचे आयोजक इनिंग मोजतात, चेंडू नाही. तेवढं पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. एक इनिंग आठ चेंडूंत संपते, एक पस्तीसवर जाते. शाळेचा नियमही तिथे लागू नसतो, तेव्हा मोजणारे तुम्हीच. मुलगा माउंडवर आला की रेघ मारायला सुरुवात करा आणि शनिवारची संख्या रविवारी सकाळी, संघाची यादी ठरायच्या आधी, कोचच्या हातात द्या.