अजिंक्यताऱ्यावर पायी जाताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

साताऱ्यात एक सकाळ मोकळी मिळते आहे आणि अजिंक्यतारा बघायचा आहे, असं कळवलंस. गड सोपा आहे, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. दरवाजापर्यंत गाडी जाते, त्यामुळे बरेच जण टॉवरपाशी फोटो काढून अर्ध्या तासात खाली येतात. तू पायी जा आणि वर पोचल्यावर तटाच्या कडेकडेने फिर. या गडाचं बघण्यासारखं बहुतेक सगळं कडेलाच आहे.

एस.टी. स्टँडवरून राजवाड्याला बस मिळते. तिथून अदालत वाडा चालत दहा मिनिटांवर. वाड्याच्या बाजूच्या वाटेने वर गेलं की गाडीरस्ता लागतो, त्याने साधारण किलोमीटरभर गेलं की दरवाजा. गोडोली नाक्याकडूनही रस्ता आहे, पण राजवाड्याकडून गेलास तर जुनं शहर ओलांडून जाशील. गड शहरापासून जेमतेम ३०० मीटर उंच, तासाभराची चढण. रस्त्यावर गाड्या असतात, तेव्हा उजव्या कडेने चाल, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. उजाडता उजाडता निघ. अंधारात एकट्याने नको, या डोंगरावर बिबट्याचा वावर आहे. पाणी दीड लिटर खालूनच ने. वर तळी आहेत, पण ते पाणी पिण्याजोगं नाही आणि उन्हाळ्यात तर तळंच कोरडं.

पहिल्या दरवाजाचे दोन्ही बुरूज अजून धड उभे आहेत. आत शिरलं की उजवीकडे मारुती, पायऱ्या चढून वर महादेवाचं देऊळ, आणि समोर प्रसारभारतीचे टॉवर. इथे थांबू नकोस. पुढे डावीकडे मंगळाईच्या देवळाकडे जाणारी वाट फुटते, ती धर. वाटेत ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष लागतात. जोती आणि भिंतींचे तुकडेच उरलेत, पण १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच गडावर झाला, एवढं डोक्यात ठेवून बघ.

वाट संपते तिथे मंगळाईचं देऊळ आणि समोर बुरूज. या ईशान्येच्या बाजूला निवांत वेळ दे. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने गडाला वेढा घातला, तेव्हा त्याचा स्वतःचा तळ उत्तरेला करंज्यात होता. आज ते साताऱ्याचंच उपनगर झालंय, तटावरून खाली शोध. त्याचा सरदार तरबियतखान याने मुख्य हल्ला याच कोपऱ्यावर चढवला. इथली उंची एकूण ६७ फूट, त्यातला ४२ फूट कातळ आणि वर २५ फूट बांधकाम. तोफांनी काम भागेना म्हणून कातळात दोन सुरुंग खोदले. एप्रिल १७०० मध्ये ते उडवले. पहिल्याने तट आत कोसळला आणि गडावरची माणसं गाडली गेली; किल्लेदार प्रयागजी प्रभूही ढिगाऱ्याखाली सापडले, पण जिवंत निघाले. दुसऱ्याने कडा बाहेर फेकला गेला, तो खाली हल्ल्यासाठी दाटीने उभ्या असलेल्या मोगलांच्याच अंगावर. शेकड्यांनी नव्हे, हजारांनी मेले. तरी दाणागोटा संपला, मार्चमध्ये राजाराम महाराज गेल्याची बातमी आली आणि एप्रिल संपायच्या आत गड द्यावा लागला. बुरुजावर उभं राहून खाली कातळ कुठे संपतो आणि दगडी बांधकाम कुठे सुरू होतं ते बघ. नुसतं वाचून ही गोष्ट डोळ्यासमोर उभी राहत नाही.

मात्र कठड्यावर बसायचं नाही. चिरे सुटे झालेत, आणि पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढलं की तटाची फट किंवा मोडकी पायरी दिसत नाही. पाय ठेवण्याआधी काठीने चाचप. पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपलेने जाणारे हमखास घसरतात. कड्याला मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिर.

नजाऱ्याचं गणित उन्हावर आहे. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, म्हणून पश्चिमेचं यवतेश्वराचं पठार आणि नैर्ऋत्येचा सज्जनगड तेव्हा स्वच्छ दिसतात. पूर्वेचा जरंड्याचा डोंगर त्या वेळी नुसती काळी आकृती; तो बघावा तिन्हीसांजेआधी. उत्तरेला शेजारी शेजारी दोन सपाट माथे दिसले की ते चंदन-वंदन हे जोडकिल्ले. ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा सर्वांत चांगली. जुलै-ऑगस्टमध्ये गड सुंदर असतो, पण ढगात हाताचं बोट दिसत नाही. मार्चपासून धुरकट होतं, वणवेही लागतात. काडी-विडी वर नेणाऱ्यांबरोबर जाऊ नकोस.

वेळ उरला तर दक्षिणेचे एकामागोमाग असलेले दोन दरवाजे बघ. जवळच तळी आहेत. तिथून खाली उतरू मात्र नकोस, ती वाट कराडच्या हायवेकडे जाते आणि तुझं सामान राजवाड्याकडे राहील. गड फिरायला दीड-दोन तास धर. उतरताना चार भिंतींपाशी थांब: प्रतापसिंह महाराजांच्या काळातली जागा, आणि शहर तिथून जास्त जवळून दिसतं. दहाच्या आत राजवाड्यावर आलास तर कंदी पेढे घेऊन आरामात बस पकडता येईल.