चोचीचे माप, पाण्याची खोली : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

हिवाळा लागला की पाणथळीतल्या पक्ष्यांविषयी तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. म्हणून या वेळी पाच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्याचा गुडघा उलटा का वाकतो?

उत्तर : तो गुडघा नव्हे, घोटा आहे, गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत झाकलेला असतो.

प्रश्न : पाणलाव्याला चिखलातले किडे दिसतात कसे?

उत्तर : दिसत नाहीत, जाणवतात. त्याच्या लांब चोचीचे टोक स्पर्शाला अतिशय संवेदनशील असते आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून केवळ टोक उघडता येत असल्याने तो चिखलातच भक्ष्य पकडतो. चिखल्याची रीत निराळी : आखूड चोच, मोठे डोळे, चार पावले धावायचे, थबकायचे आणि जे हलले ते टिपायचे.

प्रश्न : आमच्या भातखाचरात आलेल्या करकोच्याची चोच मधोमध मिटत नाही. ती मोडली आहे असे गावात म्हणतात. पकडून उपचार करावेत काय?

उत्तर : पकडू नये. तो मुग्धबलाक आहे. प्रौढ पक्ष्याच्या चोचीत ती फट असतेच, पिल्लांत नसते. या फटीत धरून तो गोगलगाय अडकित्त्यासारखी फोडतो, हेही ऐकीवच. खालच्या चोचीचे टोक शंखात घालून, शंख सहसा न फोडता, तो मांस सोडवून घेतो. पक्षी लंगडत असेल किंवा पंख ओढत असेल, तर मात्र घरगुती औषधांत वेळ न घालवता वन विभागाला १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे.

प्रश्न : गावतळ्यातला गाळ काढून व काठाला दगडी पिचिंग करून ‘पक्षी उद्यान’ करायचे घाटते आहे. खोली वाढली की पक्षी वाढतील, असे ठेकेदार म्हणतात. खरे काय?

उत्तर : खोली वाढली तर पाणकावळे कदाचित वाढतील, चिखलात चालून पोट भरणारे पक्षी मात्र जातील. ज्याचे पाय जेवढे, तेवढ्याच पाण्यात त्याचे ताट मांडलेले असते. चिखल्याला नुसती ओल पुरते, तुतवार काठाकाठाने फिरतो, शेकाट्या फार तर वीतभर पाण्यात उतरतो, आणि अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत मासे चाचपणारा चमचा पक्षीही उथळ पाणी सोडून जात नाही. हे सारे एकाच तळ्यावर सुखाने जेवतात, ते काठ हळूहळू उतरता असतो म्हणून. तो उभा खणून दगडांनी बांधला की अळ्या, गांडुळे व शिंपले ज्या चिखलात वाढतात तो चिखल जातोच, शिवाय पाय टेकवायलाही जागा उरत नाही. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाले. तिथली पक्ष्यांची श्रीमंती बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळाने व उथळ पाण्यानेच घडवली आहे. सुशोभीकरण हा शब्द ऐकला की आम्हाला धडकी भरते, ती यामुळे. पाणीसाठ्यासाठी गाळ काढणे अटळ असेल, तर निदान एक बाजू उतरती व न बांधलेली ठेवावी. पण कोणती बाजू आणि किती, हे माझ्या उत्तरावरून ठरवू नये. वन विभागाला व स्थानिक पक्षीअभ्यासकांना तळ्यावर नेऊन दाखवावे, तेही कार्यादेश निघण्यापूर्वी. जेसीबी उतरल्यावर येणाऱ्या पत्रांना आमच्याकडे उत्तर नसते.

प्रश्न : नावाडी शेवेची पाकिटे विकतात. रोहित पक्षी शेव खातात का?

उत्तर : नाही. रोहित डोके उलटे करून, जिभेने पाणी आतबाहेर ढकलत, चोचीतल्या बारीक गाळणीने शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खातो. शेवेवर झेपावतात ते कुरव, आणि तळलेले खाणे त्यांच्याही हिताचे नाही. पाकीट घेऊ नये आणि नाव थव्यात घालायला सांगू नये.