छळ करणाऱ्या नवऱ्याचा खून कधी समर्थनीय ठरू शकतो का?

समर्थनीय म्हणवत नाही. पण अशा प्रत्येक बाईला सरसकट खुनी ठरवणंही पटत नाही. इंग्लंडमधलं किरणजीत अहलुवालिया प्रकरण बघा. लग्नानंतर दहा वर्षं मारहाण. मे १९८९ मध्ये एका रात्री नवऱ्याने तापलेली इस्त्री चेहऱ्याजवळ धरली; तो झोपल्यावर तिने पेट्रोल टाकून पेटवलं. तो काही दिवसांनी गेला. तिला जन्मठेप.

कायद्याची अडचण एकच: खुनाऐवजी सदोष मनुष्यवध हा कमी गंभीर गुन्हा धरायचा, तर चिथावणीने झालेला प्रक्षोभ 'अचानक' हवा. तो झोपेपर्यंत थांबलीस, म्हणजे राग थंड झाला होता! (जागेपणी त्याच्याशी भिडायचं कसं, हे कायदा करणाऱ्यांना बहुधा कधी सुचलंच नाही.) १९९२ मध्ये अपिलात ती शिक्षा रद्द झाली. तिला तीव्र नैराश्य होतं, हा पुरावा पुढे आला. गुन्हा सदोष मनुष्यवधावर आला आणि भोगलेली सव्वातीन वर्षांहून थोडी जास्त कैद पुरेशी मानली गेली. पुढे २००९ च्या कायद्याने तिथे 'अचानक'ची अट काढली.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम १०१ मधल्या अपवादात प्रक्षोभासाठी 'गंभीर आणि अचानक' अजून तसंच आहे. माझ्या मते बदलायला हवं ते हे.