गुहाचित्रांमध्ये शिकार दिसते, मग शेती का दिसत नाही?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: माणूस शिकार सोडून शेतीकडे वळला तो बदल गुहाचित्रांत कुठे दिसतो का, आणि शेती आल्यामुळेच ही चित्रकला संपली का?

दुसऱ्या भागाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. फ्रान्समधली लास्को, स्पेनमधली आल्तामिरा या गुहांची चित्रपरंपरा हिमयुग सरताना, साधारण १२,००० वर्षांपूर्वी ओसरली. त्या भागात शेती पोचायला त्यानंतर चार हजारांहून जास्त वर्षं लागली. आणि आपल्याकडे तर शेती आल्यानंतरही लोक खडकांवर चित्रं काढतच राहिले.

पहिल्या भागासाठी भीमबेटक्याला जायला हवं. भोपाळच्या दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात हे शैलाश्रय, म्हणजे पुढे आलेल्या खडकांखालचे आडोसे, आहेत. उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर यांना १९५७ साली रेल्वेने जाताना हे खडक दिसले आणि त्यांनी ही चित्रं अभ्यासकांपुढे आणली. मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असायलाच हवं.

तिथल्या चित्रांचं नेमकं वय सांगणं अवघड असतं, पण एकाच भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या चित्रं काढलेली असल्यामुळे कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं ते कळतं. गेरूच्या लाल रंगातल्या जुन्या थरांत हरणं, गवे, रानडुकरं, धनुष्यबाण घेतलेले शिकारी, नाचणारे लोक, मध आणि फळं गोळा करणारी माणसं आहेत. पुढच्या थरांत वशिंडाचे बैल येतात. माळव्यातल्या रंगवलेल्या मडक्यांवर असते तशी नक्षी येते. त्याहून वर ढाल-तलवारी घेतलेले घोडेस्वार आणि हत्तीवर बसलेली माणसं. 'चिडियाघर' म्हणून ओळखला जाणारा खडक बघितलात तर ही गर्दी एका नजरेत दिसेल.

या सगळ्यात नांगरणी, पेरणी, मळणी मात्र जवळजवळ नाहीच. याचं कारण माझ्या मते असं, की खडकावर चित्रं काढणारे लोक आणि शेत कसणारे लोक बराच काळ वेगवेगळे होते, पण एकमेकांचे शेजारी होते. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वि. ना. मिश्र यांनी भीमबेटक्याचा एक शैलाश्रय खणला. तिथे गारगोटीच्या जातीच्या दगडांची नखाएवढी हत्यारं, म्हणजे सूक्ष्मास्त्रं, भरपूर मिळाली, आणि वरच्या थरात खालच्या मैदानातल्या शेतकऱ्यांसारख्या मडक्यांची खापरंही. साडेतीन हजार वर्षांपूर्वी नर्मदाकाठी नावडातोलीला लोक गहू, मसूर, मूग, उडीद, लाख, जवस पिकवत होते. डोंगरातल्या माणसांना हे शेतकरी माहीत होते. मध, कातडी, डिंक देऊन ते धान्य नेत असावेत असं मला वाटतं. शेती माहीत असणं आणि शेती करणं यांत किती अंतर असू शकतं, हे आपण फार सहज विसरतो.

शेतकऱ्यांची चित्रकला बघायची तर खडक सोडून त्यांच्या मडक्यांकडे वळा. नावडातोलीच्या लालसर भांड्यांवर काळ्या रंगात हरणं आहेत, नाचणारी माणसं आहेत. पोट गव्हावर भरत होतं, तरी कुंचल्याला हरिणच हवं होतं! म्हणून चित्रांवरून आहार ठरवू नये. शेतीचा पुरावा जळालेल्या दाण्यांत, जनावरांच्या हाडांत आणि धान्याच्या कणग्यांत शोधावा लागतो.

आणखी एक गोष्ट, कारण 'वळला' या तुमच्या शब्दावरून वाटतं की वळण एकदाच आलं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनपूर्व १६०० च्या सुमारास वसलेलं हे गाव. लोक सातू पिकवायचे, मोठ्या चौकोनी घरांत राहायचे, पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाटही खणला होता. इसवी सनपूर्व १००० नंतर चित्र पालटलं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शेळ्यामेंढ्या आणि हरणाची शिकार यांवरची भिस्त वाढली. पाऊसमान बिघडल्यामुळे हे झालं, असं ढवळीकरांचं मत होतं आणि मला ते पटतं. इसवी सनपूर्व ७०० च्या आसपास गाव उठलं. शेतकऱ्यांचे वंशज पुन्हा रानावर आणि कळपांवर जगू लागले होते.

तुम्ही कोकणातले असाल तर भीमबेटक्याआधी राजापूरजवळच्या बारसू किंवा कशेळीच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळमाळावर, जा. जांभ्यात कोरलेली ती कातळशिल्पं गुहेतली नाहीत, उघड्यावरची आहेत. कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या आत कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत, मासे आहेत, पण शेतीचं काहीच नाही. उन्हं कलती असताना जा, भर दुपारी रेषा नीट दिसत नाहीत. आणि कृपा करून रेषांवर पाणी, खडू, रांगोळी काही टाकू नका.